वाढवून सांगणं, कमी करून सांगणं : नेमकं इंग्रजी क्रियापद कसं निवडाल?

‘त्याने पराचा कावळा केला’, ‘कंपनीने नुकसान कमी करून दाखवलं’, ‘तिला कमी लेखू नका’. अशी वाक्यं इंग्रजीत लिहायची वेळ आली की बहुतेकांना एकच क्रियापद आठवतं, ‘एक्झॅजरेट’. उलट अर्थ हवा असेल तर ‘अंडर’ने सुरू होणारा जो शब्द आधी सुचेल तो वापरला जातो. मग ऑफिसच्या मेलमध्ये ‘डोन्ट अंडरमाइन हर’ येतं, निबंधात ‘द रेन एक्झॅजरेटेड द ट्रॅफिक प्रॉब्लेम’ येतं आणि अनुवादित बातमीत ‘कॅनॉट बी अंडरस्टेटेड’ छापलं जातं. व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही वाक्यं ठीक आहेत, पण तिन्हींचा अर्थ भलताच होतो.

समानार्थी शब्दांची यादी पाठ करून ही अडचण सुटत नाही. यादीत सगळे शब्द एका रांगेत उभे असतात आणि त्यांच्यातला फरक दिसत नाही. उपाय क्रमात आहे. शब्द सर्वांत शेवटी निवडायचा, त्याआधी खालचे प्रश्न सोडवायचे. सवय झाली की एका वाक्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

## तयारी : आधी मराठी वाक्य मोकळं करा

जे म्हणायचं आहे ते मराठीत लिहा. त्यात वाक्प्रचार असेल तर तो काढून साधी हकिगत लिहा. ‘राईचा पर्वत’, ‘तिखटमीठ’, ‘बाऊ’, ‘सारवासारव’, ‘कमी लेखणं’ हे शब्द बोलताना चपखल बसतात, पण भाषांतराच्या वेळी ते प्रश्न झाकून टाकतात. ‘कमी लेखणं’ हा सगळ्यांत फसवा. ताकदीचा अंदाज चुकला तरी आपण तेच म्हणतो, कामाची किंमत कमी केली तरी तेच, चारचौघांत पाणउतारा केला तरी तेच. इंग्रजीत या तिन्हींसाठी वेगवेगळी क्रियापदं आहेत.

म्हणून वाक्याखाली तीन गोष्टी लिहा : कोणी सांगितलं, कशाबद्दल सांगितलं, आणि खरं काय होतं. तिसऱ्या गोष्टीचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर थेट टप्पा 7 वाचा. ‘वाढवून सांगितलं’ असं म्हणायचा अधिकारच तुमच्याकडे अजून नसेल.

## टप्पा 1 : गोष्ट बदलली, की फक्त सांगणं बदललं?

पहिली चाळणी हीच. पावसाने वाहतुकीची कोंडी खरोखर वाढली असेल तर तिथे ‘एक्झॅजरेट’ चालणार नाही. परिस्थिती चिघळली, म्हणून ‘एक्झॅसरबेट’ किंवा ‘अ‍ॅग्रव्हेट’ हवं. कोंडी होती तेवढीच होती आणि कोणीतरी ती मोठी करून सांगितली, तर ‘एक्झॅजरेट’. ‘एक्झॅसरबेट’ आणि ‘एक्झॅजरेट’ कानाला सारखे वाटतात आणि दोघांपुढे ‘द प्रॉब्लेम’ येतं, त्यामुळे ही गफलत फार होते.

एक सवलत आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींबाबत ‘एक्झॅजरेट’ सांगण्यापुरतं मर्यादित राहत नाही. उंच टाचांनी उंची जास्त भासते किंवा व्यंगचित्रकार नाक मोठं काढतो, तिथे ‘एक्झॅजरेट’ बरोबर आहे.

उलट बाजूचा सापळा म्हणजे ‘मिनिमाइझ’. या क्रियापदाला दोन अर्थ आहेत : एखादी गोष्ट खरोखर कमीत कमी करणं, आणि ती क्षुल्लक असल्याचं भासवणं. ‘द कंपनी मिनिमाइझ्ड द डॅमेज’ हे वाक्य वाचून कंपनीने नुकसान आटोक्यात आणलं की झाकलं, हे कळायला मार्ग नाही. पहिला अर्थ कौतुकाचा, दुसरा आरोपाचा.

इशारा : भासवण्याच्या अर्थाने लिहायचं असेल तर ‘मिनिमाइझ’ टाळा आणि ‘डाउनप्ले’ वापरा. ‘मिनिमाइझ’ जोखीम, खर्च, विलंब अशा गोष्टी प्रत्यक्ष कमी करण्यासाठी राखून ठेवा.

## टप्पा 2 : नक्की काय वाढवलं किंवा कमी केलं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. वाढवलं-घटवलं ते काय होतं, यावर क्रियापद ठरतं.

आकडा किंवा विधान असेल तर ‘ओव्हरस्टेट’ आणि ‘अंडरस्टेट’ ही मूळ जोडी. कागदावर अमुक लिहिलं, खरं तमुक होतं, एवढंच ही जोडी सांगते. ‘इन्फ्लेट’ म्हणजे आकडा फुगवणं. त्यात हेतू डोकावतो. बिलं, खर्च, हजेरी, मार्क, शिलकी रक्कम यांना ते शोभतं. सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी 7 जानेवारी 2009 रोजी संचालक मंडळाला दिलेलं कबुलीपत्र या बाबतीत पाठ्यपुस्तकासारखं उपयोगी आहे. त्यात 5,040 कोटी रुपयांच्या अस्तित्वातच नसलेल्या रोख आणि बँक शिलकीला ‘इन्फ्लेटेड’ म्हटलं आहे, 1,230 कोटींच्या देण्याला ‘अंडरस्टेटेड’ आणि येणे रकमेतल्या 490 कोटींच्या वाढीला ‘ओव्हर स्टेटेड’. देणं कमी दाखवलं आणि येणं जास्त दाखवलं, म्हणजे दोन उलट क्रियापदं एकाच दिशेने काम करताहेत. हिशेबाबद्दल लिहिताना ‘खोटं म्हणजे नेहमी ओव्हर’ असं धरून चालू नका. देणं, खर्च, तोटा यांबाबत लबाडी बहुतेक वेळा ‘अंडर’च्या बाजूला असते.

सरकारदरबारी द्यायची माहिती कमी दिली तर ‘अंडररिपोर्ट’. 1961च्या आयकर कायद्याच्या कलम 270अ मध्ये ‘अंडर-रिपोर्टिंग’ (उत्पन्न कमी दाखवणं) आणि ‘मिसरिपोर्टिंग’ (वस्तुस्थिती दडवून किंवा खोटी माहिती देऊन ते कमी दाखवणं) असे दोन वेगळे शब्द आहेत. कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या 50 टक्के दंड पहिल्यासाठी, 200 टक्के दुसऱ्यासाठी. नोटिशीला इंग्रजीत उत्तर लिहिताना एकाच्या जागी दुसरा शब्द टाकणं किती महागात पडू शकतं, ते या दोन आकड्यांवरून दिसतंच.

अंदाज किंवा मूल्यमापन असेल तर ‘ओव्हरएस्टिमेट’ आणि ‘अंडरएस्टिमेट’. इथे कोणी काही बोललंच पाहिजे असं नाही. मनातल्या मनात चुकीचा हिशोब केला तरी पुरे. प्रवासाला लागणारा वेळ, प्रतिस्पर्ध्याची ताकद, पेपरची काठिण्यपातळी या सगळ्यांना ही जोडी लागते. गुणवत्तेचा दर्जा ठरवण्यात चूक झाली असेल तर ‘ओव्हररेट’ आणि ‘अंडररेट’. योगदानाची किंमत ओळखली नाही तर ‘अंडरव्हॅल्यू’.

महत्त्व किंवा गांभीर्य असेल तर ‘डाउनप्ले’ आणि ‘प्ले डाउन’. आकडा खरा सांगूनही हे करता येतं. ‘पन्नास जण आजारी पडले, पण काळजीचं कारण नाही’ या वाक्यातला पन्नासचा आकडा बरोबर असेल तर ‘अंडरस्टेटेड द नंबर’ म्हणता येणार नाही. ‘डाउनप्लेड द आउटब्रेक’ म्हणता येईल. वरच्या बाजूला ‘प्ले अप’, ‘हाइप’ आणि ‘ब्लो आउट ऑफ प्रपोर्शन’ आहेत. पराचा कावळा करण्याला शेवटचा प्रयोग अगदी जवळ जातो. नुसतं ‘ब्लो अप’ मात्र लिहू नका. त्याचा पहिला अर्थ स्फोटाने उडवणं असाच घेतला जातो.

एखादी गंभीर गोष्ट पोरखेळ असल्यासारखी हाताळली तर ‘ट्रिव्हियलाइझ’. अडचणीच्या मुद्द्यावरून घाईने पुढे सरकणं, ज्याला आपण सारवासारव म्हणतो, ते ‘ग्लॉस ओव्हर’. स्वतःचीच भाषा सौम्य केली, टीकेची धार कमी केली, तर ‘टोन डाउन’. यात लबाडी नाही, त्यामुळे ‘डाउनप्ले’च्या जागी ते चालत नाही.

गोष्ट किंवा हकिगत असेल तर ‘एम्बेलिश’. तिखटमीठ लावून सांगणं म्हणजे हेच. मूळ घटना खरी, तपशील पदरचे. परदेशी ग्राहकाला किंवा परीक्षकाला ‘ही अ‍ॅडेड मसाला’ लिहून पाठवलं तर तो बुचकळ्यात पडेल. ‘ही एम्बेलिश्ड द स्टोरी’ त्याला लगेच कळेल. बायोडेटात पदरचे तपशील घातले तरी हेच क्रियापद.

माणूस असेल तर पर्याय फार थोडे उरतात. माणसाला ‘अंडरस्टेट’, ‘ओव्हरस्टेट’, ‘एक्झॅजरेट’ करता येत नाही. त्याचा अंदाज चुकला तर ‘अंडरएस्टिमेट’, त्याला तुच्छ लेखलं तर ‘बिलिटल’. ‘अंडरमाइन’ या गटातलंच नाही. त्याचा अर्थ पोखरणं, हळूहळू खिळखिळं करणं. वरिष्ठाने तुमचे निर्णय तुमच्या पाठीमागे फिरवले तर तो तुमचा अधिकार ‘अंडरमाइन’ करतो. तुमच्या कुवतीबद्दल त्याचा समज चुकीचा असेल तर तो तुम्हाला ‘अंडरएस्टिमेट’ करतो.

या फरकाची खरी किंमत वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी कळते. समजा अहवालात तुमच्या नावावर तीन प्रकल्प दाखवले आहेत आणि तुम्ही पाच सांभाळले. मनात वाक्य येतं, ‘माझ्या कामाला कमी लेखलं गेलं’. त्याचं थेट इंग्रजी ‘माय वर्क वॉज बिलिटल्ड’ असं गेलं की वाचणाऱ्याला वाटतं, तुम्ही अपमानाची तक्रार करताय. तो बचावाच्या पवित्र्यात जातो आणि प्रकल्पांची संख्या बाजूला पडते. ‘माय वर्क वॉज अंडररेटेड’ त्यापेक्षा बरं, पण ते मताचं भांडण झालं. तुमचं मत एक, त्याचं दुसरं. ‘द रिव्ह्यू अंडरस्टेट्स माय वर्कलोड. इट लिस्ट्स थ्री प्रोजेक्ट्स. आय हँडल्ड फाइव्ह’ या वाक्यात कोणावर दोषारोप नाही, भावना नाही, आणि वाचणाऱ्याला फक्त यादी उघडून मोजायचं आहे. नोकरीतल्या पत्रव्यवहारात जिथे मोजता येण्याजोगं काही असेल तिथे ‘अंडरस्टेट’ लिहा, असा माझा आग्रह आहे.

तपासणी : क्रियापदापुढचं कर्म वाचा. आकडा, अंदाज, गांभीर्य, हकिगत, माणूस यांपैकी ते काय आहे? उत्तर देता येत नसेल तर कर्मच धूसर आहे. आधी ते दुरुस्त करा.

## टप्पा 3 : सांगणाऱ्याला खरं ठाऊक होतं का?

आता हेतूचा प्रश्न. ‘अंडरएस्टिमेट’मध्ये माणूस चुकतो. ‘डाउनप्ले’मध्ये त्याला ठाऊक असतं, तरी तो हलकं करून सांगतो. ‘अंडरस्टेट’ मधोमध उभं आहे. विधान खऱ्यापेक्षा कमी होतं, एवढंच ते सांगतं. चूक की लबाडी, हे सांगायला ‘डेलिबरेटली’सारखा शब्द जोडावा लागतो.

मेक्सिकोच्या आखातातली तेलगळती या तिघांना वेगळं करून दाखवते. 20 एप्रिल 2010 रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर स्फोट झाला. सुरुवातीला दिवसाला 1,000 बॅरल, मग 5,000 बॅरल तेल वाहतंय असं सांगितलं गेलं. पुढे अमेरिकी सरकारच्या शास्त्रज्ञांनी सुरुवातीचा वेग दिवसाला सुमारे 62,000 बॅरल होता असा अंदाज दिला. इतकंच माहीत असेल तोवर ‘द अर्ली फिगर्स अंडरएस्टिमेटेड द फ्लो’ किंवा ‘अंडरस्टेटेड द फ्लो’ एवढंच लिहिणं योग्य. त्याच वर्षी मे महिन्यात, त्या विहिरीची जबाबदारी असलेल्या बीपी या तेलकंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड म्हणाले की आखात खूप मोठं आहे आणि त्या मानाने सांडलेलं तेल अगदीच थोडं आहे. इथे आकडा खोटा सांगितलेला नाही, गांभीर्य हलकं केलेलं आहे. हे झालं ‘डाउनप्ले’. नोव्हेंबर 2012 मध्ये बीपीने जे गुन्हे कबूल केले त्यांत गळतीच्या वेगाबाबत अमेरिकी काँग्रेसची दिशाभूल करण्याचाही गुन्हा होता. त्यानंतर त्या आकड्याबाबत ‘अंडरएस्टिमेट’ लिहिणं म्हणजे कंपनीला उगाच निष्पाप ठरवणं.

कमी करून सांगणं नेहमी लबाडीचंच असतं असंही नाही. 24 जून 1982 रोजी जावाच्या आकाशात ज्वालामुखीच्या राखेत शिरून ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं की एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं थांबली आहेत. वस्तुस्थिती पूर्ण सांगितली, सूर तेवढा मुद्दाम खालचा ठेवला. याला इंग्रजीत कौतुकाने ‘अंडरस्टेटमेंट’ म्हणतात. त्यांनी धोका ‘कन्सील’ केला किंवा प्रवाशांना ‘मिसलीड’ केलं असं कोणी म्हणणार नाही.

इशारा : विशेषण झाल्यावर ‘अंडरस्टेटेड’ दोन तोंडांनी बोलतं. कपडे, सजावट, अभिनय यांच्याबद्दल ती स्तुती आहे, म्हणजे भपका नसलेला नेटकेपणा. देणी, नफा, मृतांचा आकडा यांच्याबद्दल तो दोष आहे.

## टप्पा 4 : वाक्यात बसवा

इथे बहुतेक चुका मराठी वाक्यरचनेतून येतात.

‘अतिशयोक्ती करू नकोस’ म्हणून ‘डोन्ट डू एक्झॅजरेशन’ लिहिलं जातं. इंग्रजीत क्रियापद आयतं आहे : ‘डोन्ट एक्झॅजरेट’. हे एकच क्रियापद कर्माशिवाय सहज उभं राहतं. ‘ही टेंड्स टु एक्झॅजरेट’ बरोबर. ‘ही टेंड्स टु ओव्हरस्टेट’ किंवा ‘शी ऑलवेज डाउनप्लेज’ इथेच थांबलं तर वाक्य लटकतं. काय, ते लिहावंच लागतं.

सर्वांत चिवट चूक ‘दॅट’ची. ‘हजार लोक आले होते असं त्याने वाढवून सांगितलं’ हे मराठीत स्वाभाविक आहे. ‘ही एक्झॅजरेटेड दॅट अ थाउजंड पीपल केम’ हे इंग्रजीत चुकीचं आहे. या गटातल्या क्रियापदांना नाम लागतं : ‘ही एक्झॅजरेटेड द साइझ ऑफ द क्राउड’. पूर्ण वाक्य ठेवायचंच असेल तर ‘ही क्लेम्ड दॅट…’ लिहा आणि अतिशयोक्ती पुढच्या वाक्यात दाखवा.

दोन शब्दांच्या क्रियापदांत ‘इट’ कुठे बसतं ते लक्षात ठेवा. ‘प्ले डाउन’ फुटतं आणि सर्वनाम मधेच जातं. मार्च 2020 मध्ये कोरोनाबद्दल पत्रकार बॉब वुडवर्ड यांच्याशी बोलताना डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘प्ले इट डाउन’ असाच प्रयोग केला होता. ‘प्ले डाउन इट’ होत नाही. ‘ग्लॉस ओव्हर’चं उलटं : ‘ग्लॉस ओव्हर इट’. ‘डाउनप्ले’ एकसंध असल्यामुळे ‘डाउनप्ले इट’. घाईत असाल तर तेच वापरा, तिथे चुकायला जागा नाही.

‘ओव्हर-एक्झॅजरेट’ लिहू नका. ‘एक्झॅजरेट’मध्ये ‘जास्त’ आधीच आलेलं आहे.

## टप्पा 5 : नकार आला की थांबा

‘लसीकरणाचं महत्त्व कितीही सांगितलं तरी कमीच’. याचं इंग्रजी ‘कॅनॉट बी ओव्हरस्टेटेड’. लोक ‘कॅनॉट बी अंडरस्टेटेड’ लिहितात आणि अर्थ उलटा होतो : महत्त्व इतकं नगण्य आहे की कितीही कमी सांगितलं तरी ते जास्तच ठरेल. मातृभाषा इंग्रजी असलेल्यांकडूनही ही चूक छापून येते, त्यामुळे वाचून वाचून ती बरोबर वाटायला लागते.

पडताळा असा घ्या. वाक्य मराठीत उलगडा : ‘अमुक गोष्ट जास्त करून सांगणं शक्यच नाही’. त्यात ‘जास्त’ आलं की ‘ओव्हर’. आता ‘शक्य नाही’च्या जागी ‘करू नये’ घाला : ‘अमुक गोष्ट कमी करून सांगू नये’. इथे ‘कमी’ आलं, म्हणून ‘अंडर’, आणि सोबत ‘शुड नॉट’. थोडक्यात ‘कॅनॉट’बरोबर ‘ओव्हरस्टेट’ जातं आणि ‘शुड नॉट’बरोबर ‘अंडरएस्टिमेट’. ‘हार्ड टु’, ‘डिफिकल्ट टु’, ‘इम्पॉसिबल टु’ हे ‘कॅनॉट’च्याच घरातले.

नकार आणि उपसर्ग एकावर एक चढले की भल्याभल्यांचा तोल जातो. 6 नोव्हेंबर 2000 रोजी अर्कान्सॉमधल्या बेंटनव्हिल इथल्या भाषणात जॉर्ज बुश यांनी विरोधकांबद्दल बोलताना ‘मिसअंडरएस्टिमेटेड’ हा शब्द वापरला. ‘अंडरएस्टिमेट’मध्येच चुकीचा अंदाज आलेला आहे, त्याला आणखी ‘मिस’ नको.

तपासणी : वाक्यात ‘नॉट’ आणि ‘ओव्हर’ किंवा ‘अंडर’ एकत्र दिसले की ते मराठीत उलगडल्याशिवाय पुढे पाठवू नका.

## टप्पा 6 : जोडशब्द आणि उच्चार

‘व्हेरी मच एक्झॅजरेटेड’पेक्षा ‘ग्रेटली’, ‘ग्रोसली’ किंवा ‘वाइल्डली’ कानाला सहज लागतात. ‘अंडरएस्टिमेट’ला ‘सीरियसली’ किंवा ‘व्हास्टली’. बोलताना ‘दॅट्स अ‍ॅन अंडरस्टेटमेंट’ हे एक वाक्य हाताशी ठेवा, ‘हे तर फारच कमी बोललात’ या अर्थाने.

‘एक्झॅजरेट’च्या स्पेलिंगमध्ये ‘जी’ दोनदा येतो, ‘आर’ एकदाच. ‘अंडरएस्टिमेट’ क्रियापद असताना शेवटी स्पष्ट ‘मेट’, नाम असताना ‘मट’. ‘बिलिटल’मध्ये जोर मधल्या ‘लि’वर. अतिशयोक्ती अलंकाराला जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘हायपर्बली’, ‘हायपरबोल’ नाही.

## टप्पा 7 : आरोप करताय का, ते पाहा

ही सगळी क्रियापदं लिहिणाऱ्यालाही बांधून घेतात. ‘द ऑफिसर एक्झॅजरेटेड द लॉसेस’ लिहिलंत, म्हणजे खरं नुकसान किती हे तुम्हाला माहीत आहे असा दावा केलात. बातमी, तक्रार अर्ज, विमा कंपनीला पत्र, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त या सगळ्यांत हा दावा अंगाशी येऊ शकतो.

खरा आकडा हातात असेल तर क्रियापदाबरोबर त्याच वाक्यात तो द्या. नसेल तर आरोप ज्याचा आहे त्याच्या तोंडी ठेवा : ‘रेसिडेंट्स से द बिल्डर डाउनप्लेड द क्रॅक्स’. तेही नको असेल तर तटस्थ क्रियापद घ्या. ‘द बिल्डर डिस्क्राइब्ड द क्रॅक्स अ‍ॅज मायनर’ एवढं लिहा आणि शेजारच्या वाक्यात भेगेची रुंदी मिलिमीटरमध्ये द्या.

विमा दाव्याबद्दल स्वतः लिहिताना एक काळजी घ्या. आधी दिलेला आकडा जास्त निघाला आणि तो दुरुस्त करायचा आहे, तर ‘वुई एक्झॅजरेटेड’ किंवा ‘वुई इन्फ्लेटेड’ लिहू नका, कारण त्यातून मुद्दाम केल्याची कबुली वाचली जाते. अंदाज प्रामाणिकपणे चुकला असेल तर ‘अवर इनिशियल फिगर वॉज अ‍ॅन ओव्हरएस्टिमेट’ लिहा, आणि पुढच्याच ओळीत आधीचा आकडा, नवा आकडा आणि फरक कशामुळे पडला ते द्या.